एच. आय. व्ही. असलेल्यांचा व्यायाम
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी आम्हांस पत्र धाडले, त्यात विषय एवढाच लिहिला होता : 'व्यायाम आणि आरोग्य'. या विषयावर बेळगावात बोलावयाचे म्हणजे नदीकाठच्या माणसास पाण्याचे गुण सांगण्यासारखे आहे. इथे घरटी एकतरी आजोबा असे निघतात, की ज्यांनी तरुणपणी तालमीतली माती अंगाला लावली आहे आणि जे नातवाच्या वाकलेल्या पाठीकडे पाहून रोज एकदा तरी उसासा टाकतात. त्यांना आम्ही नवे काय सांगणार ? म्हणून आम्ही चिटणीसांना उलट पत्र लिहून विषय अरुंद करून मागितला. ज्यांच्या रक्तात एच. आय. व्ही. आहे अशा माणसांनी व्यायाम करावा काय, केला तर कोणता, आणि तो करण्यास त्यांना कोणी जागा द्यावी काय, एवढ्यापुरतेच आज बोलावयाचे आहे. महोत्सवाच्या मंगल प्रसंगी असला विषय कशाला, असे एका विश्वस्तांनी आम्हांस प्रेमाने विचारले. त्यांचे समाधान भाषणाच्या ओघात झाले तर पाहावे.

हा विषय आपल्या दारचा आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. या शतकाच्या पहिल्या दशकात कर्नाटकातील सर्वांत बाधित जिल्ह्यांची नावे निघत, तेव्हा बेळगाव आणि बागलकोट ही नावे त्यांत असत. पलीकडे सांगलीचेही नाव असे. त्या काळात ज्यांना लागण झाली त्यांतले पुष्कळ जण औषधामुळे आज हयात आहेत. कोणी पन्नाशीत आहेत, कोणी साठीला टेकले आहेत. ते आपल्याबरोबर बाजारात भाजी घेतात, एस. टी. त शेजारी बसतात, आणि कदाचित या सभागृहातही बसले असतील. तेव्हा 'ते लोक' असा शब्द आम्ही वापरणार नाही, आपणही वापरू नये अशी विनंती आहे.

थोडा मागचा इतिहास. अमेरिकेत 1981 साली या रोगाची पहिली नोंद झाली, 1983 मध्ये विषाणू सापडला, आणि आपल्या देशात 1986 मध्ये मद्रासला त्याचा पहिला पुरावा हाती आला. तो शोधून काढणाऱ्या डॉक्टर सुनीती सॉलोमन. त्यांचे माहेरचे आडनाव गायतोंडे. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी कुटुंबातली मुलगी ! आपल्यासारख्याच सीमेपलीकडच्या घरातली ही बाई, हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्या स्मरणिकांतून आपण क्रिकेटपटू आणि गवई यांची नावे अभिमानाने छापतो, पण यांचे नाव फारसे छापत नाही. 2015 साली त्या वारल्या.

त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे डॉक्टरांना फार वाईट गेली. रोग ओळखता येत होता, उपचार हाती नव्हते. 1996 च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत निघाली, परंतु तिचा खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. सरकारने 1 एप्रिल 2004 पासून ही औषधे फुकट देण्यास प्रारंभ केला. तोपर्यंत आमच्या दवाखान्यात येणाऱ्या रोग्याला आम्ही देत असू तो सल्ला म्हणजे : चांगले खा, ताप आला तर लगेच या, आणि विश्रांती घ्या. त्या वेळच्या रोग्याची स्थिती पाहता दुसरा सल्ला देणेही शक्य नव्हते. एखादा गडी माणूस सहा महिन्यांत पंधरा-वीस किलो उतरे. चरबी जाई त्याचे काही नाही. पण मांस जाई. मांड्या हाताच्या मुठीत मावतील अशा होत. अशा माणसाला जोर काढ म्हणून कोण सांगणार ?

पण ती 'विश्रांती' लोकांच्या डोक्यात बसली ती बसलीच. औषधे आली, वजने भरली, माणसे कामावर गेली, आणि तरीही घरची मंडळी म्हणतात, "याने जपून राहावे. याला दगदग नको." आई मुलाला पाण्याची बादली उचलू देत नाही. बायको नवऱ्याला जिना चढू देत नाही. यात माया आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु निरोगी माणसालाही दोन आठवडे अंथरुणावर पाडून ठेवले तर त्याच्या मांड्यांतले बळ डोळ्यांदेखत कमी होते. मग ज्याच्या शरीरात विषाणूने आधीच मांस खाल्ले आहे, त्याला वर्षानुवर्षे बसवून ठेवणे म्हणजे रोगाचे उरलेले काम आपण पुरे करण्यासारखे आहे.

आता औषधांविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण त्याशिवाय व्यायामाचे महत्त्व कळणार नाही. 2004 साली जी स्वस्त औषधे मिळू लागली त्यांत स्टॅव्हुडिन नावाचे एक होते. त्याने लाखो प्राण वाचविले. त्याची निंदा करणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याने प्राण वाचवून चेहरा नेला. गालांतली चरबी झिजे, गालफडे आत जात, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर येत, आणि उलट काहींच्या पोटावर चरबी साचे. गावात लोक चेहरा पाहूनच ओळखू लागले. ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येणारे रोगी आम्ही पाहिले आहेत. गाल भरलेले दिसावेत म्हणून काही जणांनी दाढ्या राखल्या. शिवाय पायांच्या तळव्यांना मुंग्या आणि आग होई, ती निराळीच. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली हे औषध हळूहळू बंद करावे असे सांगितले आणि ते गेले. मात्र ज्यांनी ते अनेक वर्षे घेतले त्यांतल्या कित्येकांचे तळपाय आजही बधिर आहेत. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आज बहुतेकांना दिवसातून एक गोळी असते, तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधे असतात. 2017 पासून निदान झालेल्या प्रत्येकाला, पेशींची संख्या कितीही असो, उपचार सुरू करावयाचा असे सरकारचे धोरण आहे. गोळी नियमाने घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. आणि आता गंमत पाहा : पूर्वी रोगी वाळत, आता रोगी फुगतात. या नव्या औषधावर पुष्कळांचे वजन वाढते, कमरेचा घेर वाढतो. टेनोफोव्हिरच्या एका प्रकाराने हाडांची घनता थोडी कमी होते. त्यात विषाणू दबलेला असला तरी शरीरातली रोगप्रतिकारक यंत्रणा पुरती शांत होत नाही, मंद आचेवर दूध तापत राहावे तशी ती आतून तापत राहते, आणि त्याचा भार रक्तवाहिन्यांवर पडतो. एच. आय. व्ही. असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो तो यामुळे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात चाळीस ते पंचाहत्तर वयाच्या 7,769 जणांवर पाहणी झाली. पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांत हृदयाचे मोठे आघात सुमारे 35 टक्क्यांनी कमी झाले. ही गोळी कोणी आपल्या मनाने घेऊ नये. आमचा रोख एवढाच, की आज या माणसांची गाठ मधुमेहाशी, रक्तदाबाशी, हृदयाशी आणि ठिसूळ हाडांशी आहे. म्हणजे ज्या शत्रूंशी आपल्या सर्वांची गाठ आहे त्यांच्याशीच, फक्त थोडी लवकर.

व्यायामाने नेमके काय होते ? इथे अतिशयोक्ती करणारे पुष्कळ भेटतात. कोणी सांगतो प्राणायामाने विषाणू मरतो, कोणी सांगतो अमुक आसनाने औषध सुटते. अशा माणसाचे ऐकून गोळी सोडलेले रोगी आमच्याकडे परत आले आहेत, आणि काही परत आलेच नाहीत. विषाणू व्यायामाने मरत नाही. कॅनडात टोरँटो येथे केली ओब्रायन या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभर झालेले असे प्रयोग वर्षानुवर्षे एकत्र करून तपासले आहेत. त्यांचा निष्कर्ष आहे की, आठवड्यातून किमान तीनदा, दर वेळी किमान वीस मिनिटे, असा व्यायाम निदान पाच आठवडे केला, तर दमसास वाढतो, स्नायूंचे बळ वाढते, शरीराची ठेवण सुधारते, आणि मनाची उदासी कमी होते. सी. डी.-4 नावाच्या पेशींच्या संख्येत आणि विषाणूच्या प्रमाणात मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आणि वाईट परिणामही दिसला नाही. प्रकृती स्थिर असेल तर व्यायाम निर्धोक आहे, असे ते सांगतात. आम्हांस यातली शेवटची दोन वाक्ये सर्वांत मोलाची वाटतात. गोळीचे काम गोळी करते, व्यायामाचे काम व्यायाम करतो. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावयाची नाही.

उदासीचा उल्लेख आला, त्यावर थोडे थांबतो. या रोगात माणूस पहिला हरवतो तो लोकांतून. लग्नकार्याला जात नाही, जत्रेला जात नाही, तालमीत जात नाही. त्याला सकाळी ठरल्या वेळी कुठेतरी जावयाचे आहे, तिथे कोणी "काय, काल दिसला नाहीस ?" असे विचारणारे आहे, एवढ्यानेच निम्मे काम होते. हे आम्ही औषधशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले नाही.

आता प्रत्यक्ष व्यायाम. ज्याने कधीच काही केले नाही, किंवा जो आजारातून नुकताच उठला आहे, त्याने चालण्यापासून सुरुवात करावी. पहिला आठवडा दहा मिनिटे, पुढे दर आठवड्याला चार-पाच मिनिटे वाढवीत अर्ध्या तासावर यावे. वेग किती ? याला घड्याळ नको, यंत्र नको. चालता चालता सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, हा तो वेग. गाता येत असेल तर पाय उचला. बोलताही येत नसेल तर सावकाश चला. दीड-दोन महिन्यांनी आपला माणूस अर्धा तास चालून घरी आल्यावर खुर्चीत कोसळत नाही असे दिसले, म्हणजे पुढची पायरी.

पुढची पायरी बळाची. आणि इथे आमच्या वस्तादांचे शास्त्र उपयोगी पडते. मात्र शंभर जोर आणि दोनशे बैठका हे माप पहिल्या दिवसाचे नव्हे. जोर काढावयाचा तो प्रथम भिंतीला हात टेकून, मग ओट्याला टेकून, मग जमिनीवर. बैठक मारावयाची ती प्रथम खुर्चीवर बसत-उठत, हात न लावता. जे वजन किंवा जी हालचाल आठ ते बारा वेळा नीट करता येते आणि बाराव्या वेळी श्रम जाणवतात, ते आपले माप. बारा सहज झाले की माप थोडे वाढवावे. एकाच स्नायूंना रोज राबवू नये, मध्ये एक दिवस सोडावा. मांस भरते ते त्या सुट्टीच्या दिवशी. ज्याची तयारी आहे त्याने सूर्यनमस्कार घालावेत, मुद्गल फिरवावेत, लेझीम खेळावे. लेझमीला आम्ही विशेष गुण देतो : दमसास, पायांचा तोल, आणि चार माणसांची संगत तिन्ही एका वेळी मिळतात.

हे सगळे ठीक, पण एच. आय. व्ही. असलेल्याला पैलवानी शरीर कमावता येते काय, असे कोणी विचारील. मणिपूरचे प्रदीपकुमार सिंग यांना 2000 साली लागण झाल्याचे कळले. त्यांनी ती लपविली नाही. 2007 मध्ये ते 'मिस्टर मणिपूर' झाले, आणि 2012 मध्ये जागतिक शरीरसौष्ठव स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले. प्रत्येकाने त्यांच्यासारखे व्हावे असे आमचे म्हणणे नाही. निरोगी माणसांतही तसे कितीसे होतात? पण 'यांच्याने होणार नाही' हे वाक्य आता कोणी उच्चारू नये.

बायकांचा प्रश्न निराळा आहे. "डॉक्टर, दिवसभर घरात राबते, आणखी व्यायाम कसला ?" असे त्या विचारतात, आणि विचारतात ते बरोबर विचारतात. पाणी भरणे, कपडे धुणे, शेतावर जाणे, यात श्रम आहेतच. पण त्या श्रमात तेच ते स्नायू वाकून वाकून थकतात, आणि पाठीच्या व मांडीच्या वरच्या भागाला बळ मिळत नाही. विटाळ जाण्याच्या वयात हाडे आधीच झिजू लागतात, त्यात हा रोग आणि काही औषधे भर घालतात. अशा बाईने खुर्चीवरच्या बैठका आणि भिंतीवरचे जोर, पंधरा मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस करावेत. ही पंधरा मिनिटे तिला मिळावीत म्हणून घरातल्या पुरुषाने तेवढा वेळ चुलीकडे पाहिले तर त्यालाही व्यायाम होईल.

कोणी व्यायाम करू नये ? अंगात ताप असताना करू नये. खोकला दोन आठवड्यांहून जास्त आहे, घाम येतो, वजन घटते आहे, अशा माणसाने आधी थुंकी तपासून घ्यावी. क्षय निघाला तर उपचार सुरू होऊन तो पसरण्याचा धोका संपेपर्यंत बंद खोलीतल्या व्यायामशाळेत येऊ नये. हा नियम एच. आय. व्ही. नसलेल्या क्षयरोग्यालाही तितकाच लागू आहे. झिडोव्हुडिन घेणाऱ्याचे रक्त कधी कधी फार कमी होते, त्याला चार पावलांत धाप लागते. त्याने प्रथम हिमोग्लोबिन पाहावे. छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, असे झाले तर त्या क्षणी थांबावे आणि डॉक्टर गाठावा. ज्यांचे तळपाय बधिर आहेत (मघाशी सांगितले ते) त्यांनी अनवाणी चालू नये, मातीतही नाही. तालमीत जोडा घालून येणे हा उपमर्द आहे हे आम्ही जाणतो, पण ज्याला पायात काटा रुतलेला कळत नाही, त्याच्या बाबतीत वस्तादांनी ही एक सूट द्यावी. रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत.

खुराकाविषयी. जुन्या तालमीचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. तो खुराक दिवसाला हजार बैठका मारणाऱ्याचा होता. अर्धा तास चालून आल्यावर वाटीभर तूप प्यायले तर हृदयाला काय वाटेल याचा विचार करावा. डाळ, उसळ, अंडी, दही, शेंगदाणे, मासे, नाचणीची किंवा जोंधळ्याची भाकरी यांत मांस भरण्यास लागणारे सारे काही आहे. बाजारच्या डब्यांतल्या पावडरी घेणाऱ्यांना मात्र एक गोष्ट माहीत असली पाहिजे. या पावडरींत, आणि शक्तीच्या गोळ्यांतही, बहुधा कॅल्शियम, लोह, जस्त असे क्षार असतात. ते पोटात डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतात आणि औषध पुरते रक्तात जात नाही. म्हणून गोळी घेतल्यावर निदान दोन तासांनी पावडर घ्यावी, किंवा पावडर आधी घेतली असेल तर गोळी सहा तासांनी घ्यावी. जे रात्री जेवणानंतर गोळी घेतात आणि सकाळी व्यायाम करतात त्यांना ही अडचण आपोआपच येत नाही. पित्ताच्या पातळ औषधांचेही तसेच. क्रिएटिन घेणाऱ्याने डॉक्टरला तसे सांगावे. त्याने रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा वाढतो, डोल्युटेग्राव्हिरनेही थोडा वाढतो, आणि टेनोफोव्हिर घेणाऱ्याची मूत्रपिंडे तर डॉक्टरला जपावयाची असतात. माहिती न दिल्यास डॉक्टर उगाच घाबरतो, किंवा घाबरावयाच्या वेळी घाबरत नाही.

आणि एक गोष्ट रागाने सांगावी लागते. काही ठिकाणी व्यायामशाळेच्या आडोशाला तरुणांना स्नायू फुगविणारी इंजेक्शने दिली जातात. एकाच बाटलीतून, कधी एकाच सुईने. घामाने हा रोग पसरत नाही, पण त्या सुईने खात्रीने पसरू शकतो, आणि कावीळही. जे पालक एच. आय. व्ही. असलेल्या मुलाने डंबेल उचलला म्हणून घाबरतात, त्यांनी आपल्या मुलाच्या खिशात सुई आहे का, हे आधी पाहावे.

आता त्या भीतीकडेच वळतो, कारण खरी अडचण तिथे आहे. हा विषाणू घामात नाही, थुंकीने पसरत नाही, एकच डंबेल धरल्याने, एकाच मातीत लोळल्याने, एकाच नळाचे पाणी प्यायल्याने पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून मुलाकडे जातो. औषधाने ज्याच्या रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही तो पसरत नाही, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. कुस्तीत नाक फुटते, भुवई फाटते, त्याचे काय ? त्यासाठी एकच नियम पुरे आहे : रक्त दिसले की कुस्ती थांबवावी, जखम धुऊन बांधावी, माखलेले कपडे बदलावेत, हातमोजे घालून जागा साफ करावी, मग पुन्हा हात मिळवावा. हा नियम सर्वांसाठी हवा, कारण कोणाच्या रक्तात काय आहे हे कोणाच्या कपाळावर लिहिलेले नसते. ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, त्याच्यापासून हा नियम वाचवितो. ज्याने सांगितले त्याला हाकलून देण्याने मात्र कोणीच वाचत नाही.

भीती फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. मॅजिक जॉन्सन हा अमेरिकेचा नामांकित बास्केटबॉलपटू. त्याने 7 नोव्हेंबर 1991 रोजी आपल्याला लागण झाल्याचे जाहीर केले आणि खेळ सोडला. पुढच्या वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये खेळून त्याने देशाला सुवर्णपदक मिळवून देण्यात भाग घेतला. मग पुन्हा व्यावसायिक संघात उतरू लागला, तेव्हा सरावाच्या एका सामन्यात त्याच्या हाताला ओरखडा निघाला. बरोबरीच्या खेळाडूंची नाराजी उघड झाली आणि त्याला पुन्हा बाजूला व्हावे लागले. 1996 मध्ये तो परत आला व बत्तीस सामने खेळला. चार वर्षांत ओरखड्याचे स्वरूप बदलले नव्हते, बघणाऱ्यांचे डोळे बदलले होते. तो माणूस आजही हिंडतो-फिरतो आहे.

आणि आपल्या शेजारी गोव्यात काय घडले ? डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमाने रक्तदान करीत असे. 1989 साली त्याच्या रक्तात विषाणू सापडला म्हणून पोलिसांनी त्याला धरून नेले आणि त्या वेळच्या कायद्याखाली म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग इस्पितळात 64 दिवस एकटे कोंडून ठेवले. रक्तदान हा त्याचा गुन्हा ! सुटल्यावर त्याने आपल्यासारख्यांसाठी संस्था उभारली, आणि 1992 साली तो गेला. त्याच्या आईने कोर्टात झगडून त्याला सोडविले, हेही आपल्या सभेतल्या मातांनी ऐकून ठेवावे.

आमच्या माहितीतला एक तरुण आहे. नाव, गाव, धंदा काही सांगत नाही. तालमीत त्याचे चांगले नाव होते. एकदा कपडे बदलताना पिशवीतून औषधाची बाटली पडली, कोणी तिच्यावरचे नाव मोबाईलवर शोधले, आणि दुसऱ्या दिवशी वस्तादांनी त्याला बाजूला घेऊन सांगितले, "बाळ, उद्यापासून नको येऊ. मी काही बोलत नाही, पण पोरं बोलतात." ती तालीम या संस्थेची नव्हे. त्याचा विषाणू दबलेला आहे, त्याचे रक्त तपासणीत चांगले आहे. तो आता पहाटे एकटाच धावतो. औषध एकदाही चुकवीत नाही. चुकला तो मेहनतीच्या सोबतीला. तीन महिन्यांपूर्वी तो आम्हांस म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एकट्यानं जोर मारताना मोजायलाही कुणी नसतं."

म्हणून संस्थेच्या व्यायामशाळेच्या प्रवेशपत्राकडे विश्वस्तांचे लक्ष वेधतो. त्यात सातव्या ओळीवर 'संसर्गजन्य रोग असल्यास प्रवेश मिळणार नाही' असे छापलेले आहे. ही ओळ ज्यांनी घातली त्यांच्या मनात खरूज, नायटा, देवी, क्षय असे रोग असावेत, आणि त्यांच्या काळी ती योग्यच होती. पण आज ती वाचून दारातूनच परत जाणारे कोण आहेत हे आम्ही सांगितले. शिवाय कायदाही आता तसा राहिलेला नाही. एच. आय. व्ही. आणि एड्स यांविषयीचा 2017 चा केंद्रीय कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला. सार्वजनिक उपयोगाच्या जागा, सोयी आणि सेवा यांपासून अशा माणसाला वंचित ठेवणे हा त्या कायद्याने भेदभाव ठरतो. विहिरी, तलाव, घाट, स्मशान यांचाही त्यात उल्लेख आहे. आणि आपल्याला हा रोग आहे की नाही हे सांगण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. आमची सूचना अशी की ती ओळ काढून त्या जागी चार साधे प्रश्न छापावेत : सध्या ताप किंवा दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे काय ? अंगावर उघडी जखम किंवा खरूज आहे काय ? छातीत दुखते किंवा चक्कर येते काय ? डॉक्टरने कोणता व्यायाम वर्ज्य सांगितला आहे काय ? हे प्रश्न सर्वांना सारखेच विचारावेत. आणि भिंतीवर हातमोजे, कापूस, पट्ट्या व जंतुनाशक यांची एक पेटी टांगावी. तिचा खर्च महोत्सवाच्या हारतुऱ्यांच्या खर्चाच्या जवळपासही जाणार नाही.

विश्वस्तमंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे असे चिटणीस म्हणाले. नव्या प्रवेशपत्राचा मसुदा आम्ही लिहून आणला आहे, तो अध्यक्षांच्या हाती देतो. व्यायामशाळेतल्या कोणा पालकांच्या शंका असतील तर त्या बैठकीला येऊन उत्तरे देण्यास आम्ही तयार आहोत, आणि वस्तादांनी बोलाविले तर रक्त साफ करण्याची रीत तालमीत येऊन दाखवू.

आता प्रश्नांसाठी वेळ आहे. हात वर करून विचारण्याची आवश्यकता नाही. दाराजवळ कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक डबा ठेवला आहे. प्रश्न लिहावा, नाव लिहू नये. जे प्रश्न आज राहतील त्यांची उत्तरे शनिवारी संध्याकाळी दवाखान्यात, मागच्या दाराने आले तरी, मिळतील.